कधीच न हरलेले रामलिंग सर

कंधारच्या पोरींची टीम जीपमधून उतरली आणि रामलिंग सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मुखेडच्या कॉलेजात फुटबॉल आणि बास्केटबॉल शिकवायचा पगार या गृहस्थांनी उभी हयात घेतला. तऱ्हा सोपी होती. स्पर्धेला टीमा दोनच, मुखेड आणि कंधार. आधी कंधारच्या सरांना फोन लावायचा: फुटबॉलला आम्ही येत नाही, बास्केटबॉलला तुम्ही येऊ नका. न खेळता दोघांच्याही कपाटात ढाली. वर 'माझी टीम कधी हरली नाही' म्हणून मिशीला पीळ. यंदाही फोन झाला होता. कंधारचे सर रिटायर होऊन घरी बसले होते, तरी सवयीनं 'हाव, हाव' म्हणाले होते.

त्यांच्या जागी आलेल्या वर्षाराणी मॅडमना सरांनी बाजूला घेतलं.

"मॅडम, फुटबॉलची ढाल तुम्हीच न्या. बास्केटबॉलची येवढी आमाला सोडा."

"पोरी खेळायला आल्यात, सर."

"खेळू द्या न, सर," मागून प्रियदर्शनी म्हणाली. मुखेडची कॅप्टन. कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि अजून एकही सामना नशिबी नाही. विद्यापीठाची टीम निवडायला आदिनाथ सर येऊन बसले होते. आजचा दिवस गेला की तिचं खेळणं संपलं. "रोज सकाळी आमच्या आम्हीच प्रॅक्टिस करून राहिलो."

"अन् हरलीस म्हंजे? पुढच्या महिन्यात माझा सत्कार हाय!"

ती सरळ कोर्टवर जाऊन उभी राहिली. बाकीच्या चौघी तिच्यामागून गेल्या.

आणि काय खेळली ती! बॉल हातात आला की कंधारच्या पोरींना सापडेचना. सामना अर्ध्यावर यायच्या आधीच आदिनाथ सरांनी तिचं नाव लिहून घेतलं.

"पोरगी लई तयार हाय. शिकवलं कोणी?"

"मीच की!" रामलिंग सर छाती काढून म्हणाले. लाज कशाशी खातात, हे या माणसाला ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात बॉल रिंगमधून खाली पडला. सर उठून टाळ्या पिटू लागले. "शाब्बास! बघा, बघा माझ्या पोरी!"

आदिनाथ सरांनी त्यांच्या सदऱ्याचं टोक हळूच ओढलं.

"बसा, सर. हे बास्केट कंधारचं झालं. तुमच्या पोरी तिकडच्या रिंगमध्ये टाकून राहिल्यात."