चाकाखालचं लिंबू

मिरजेत पार्सलचे पाच टेम्पो चालवणाऱ्या कुंदाला नव्या करारातलं एकच कलम खुपत होतं: वाटेत पार्सलचं काही झालं, तर जबाबदारी ठेकेदाराची. आणि वाट कसली, तर अंतराळापर्यंत ताणलेला दोर! म्हणून सहीआधी ती स्वतःच दोरावरच्या पाळण्यातून पार्सल घेऊन निघाली. चाकाखाली ठेवायला आणलेलं लिंबू खिशातच राहिलं. पाळण्याला चाकंच नव्हती.

वरच्या ठाण्यावर लिंबू अलगद तरंगत बाहेर आलं. खिडकीत त्याच्यामागे पृथ्वी होती, जेमतेम तेवढीच. कुंदा आ वासून बघत राहिली.

पार्सल घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञ बाईंनी खोकं बाजूला सारून लिंबूच ओंजळीत धरलं, हुंगलं. "अकरा वर्षांनी गं!" डोळ्यांतलं पाणी खाली पडेना, तिथेच थरथरत राहिलं.

कुंदाने करार काढला. "बाई, पेन आहे का?"