उभ्याने उत्तररंग

पूर्वरंग

गेल्या उत्सवात शशिकलाताईंच्या कीर्तनात हनुमंताने समुद्रावर झेप घेतली आणि नेमके तेव्हाच ताईंचे पाय भरून आले. आख्यान तिथेच सोडून त्यांना बसावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे त्यांनी संध्याकाळी, सुजल्या पायांच्या मापाने घेतले होते. ते सैल पडून घोट्याशी गोळा झाले होते.

मध्यंतर

यंदा मापं सकाळी, सूज चढण्याआधी अंथरुणातच घेतली. नवे मोजे पोटऱ्यांवर चढवताना कीर्तनात पेटीची साथ करणारे त्यांचे यजमान हसले, "तबल्याला पुडी चढवतोय की काय?"

"बोलू नका, ओढा!"

उत्तररंग

देवळाच्या विश्वस्तांनी शेजारी खुर्ची ठेवलीच होती. ताईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

हनुमंत लंकेत उतरला. लंका पेटवून परतलाही. ताई उभ्याच.

आरतीनंतर त्या म्हणाल्या, "ही खुर्ची पेटीवाल्यांना द्या. यांची मांडी आखडलीय."