होकाराचं बटण

एकदा पाया पक्का घातला की त्यावर कितीही घरं उभी करता येतात, हे किशोरचं जीवनविषयक तत्त्वज्ञान होतं. पाया म्हणजे वेबसाइटचं एक तयार टेम्प्लेट. देवळाली कॅम्पच्या एका मोटर रिवायंडिंगवाल्यासाठी ते त्याने बनवलं आणि मग त्याच्यावरच मंगल कार्यालय, द्राक्षांची नर्सरी, दातांचा दवाखाना, सगळं उभं केलं. नाव बदलायचं, रंग बदलायचा, फोटो बदलायचे. नवीन काही सुचायचे दिवस मागे पडले होते आणि कुणी मागतही नव्हतं.

वधूवर मंडळाची वेबसाइटही अशीच उभी राहिली. अध्यक्ष जयरामभाऊ इतके खूश झाले की त्यांनी नियमच केला. स्थळाची माहिती वेबसाइटवर वाचायची. फोटो नाही, परस्पर फोन नाही. पहिला शब्द मुलीचा. तिने होकाराचं बटण दाबलं तरच पुढची भेट.

"तूही नाव घाल रे," भाऊ म्हणाले. "पस्तिशी उलटली तुझी."

किशोरने घातलं. भाऊंनी त्याला सिडकोतल्या रोशनीचं स्थळ सुचवलं, तिला याचं. अपेक्षांच्या रकान्यात बाकीच्या मुलींनी स्वतःचा फ्लॅट आणि पुण्यातली नोकरी मागितली होती. हिने लिहिलं होतं, 'विशेष काही नाही'. यात आपण बसतो, असं किशोरला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

होकार आला नाही. द्राक्षांचा हंगाम संपला, तरी आला नाही.

"किश्या, सरळ जाऊन विचार की," त्याची थोरली बहीण संध्याताई म्हणाली. "सिडकोत राहतात ती माणसं, सिंगापूरला नाही."

"नियम आहे, ताई."

"नियम भाऊंचा. त्यांचं लग्न झालंय."

"गप्प राहणं म्हणजे नकारच. नकाराचं बटण आम्ही ठेवलंच नाही."

मग एक दिवस भाऊच त्याच्या ऑफिसात येऊन खुर्चीत कोसळले. "एकही जमलं नाही रे. सगळ्या नाशकातल्या मुलींनी एकदम नाकं मुरडली का?"

किशोरने कंटाळत टेम्प्लेट उघडलं. होकार ज्या ईमेलवर पोचायचा तो पत्ता पाहिला. नाव बदललं होतं, रंग बदलला होता, फोटो काढून टाकले होते. पत्ता मोटरवाल्याचाच राहिला होता.

देवळाली कॅम्पला सावळीराम दुकानातच होता.

"ईमेल? येतात की," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं तक्रारी. नाव, पत्ता, सगळं व्यवस्थित. बिघाड काय ते मात्र एकही बाई लिहीत नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"तुमच्या वेबसाइटचं आपोआप उत्तर जातं ना, आमचा माणूस उद्या घरी येईल म्हणून? शब्द दिला म्हटल्यावर माणूस पाठवावाच लागतो. आमचा धाकटा जायचा, नवनाथ. जाईल तिथे पोहे. बरं, मोटर कुणी दाखवायचंच नाही. आता तो जात नाही, मीच जातो. चार किलो वजन वाढलं माझं."

किशोरने खुर्ची पुढे ओढली. "सिडकोतून काही आलं होतं? किशोर या नावासाठी?"

"आलं होतं ना. ते चांगलं लक्षात आहे."

म्हणजे तिने बटण दाबलं होतं. एवढ्या सगळ्या स्थळांत तिने त्याला हो म्हटलं होतं. इतक्या वर्षांचा शीण किशोरच्या खांद्यावरून एकदम उतरला. भाऊंचा नियम गेला खड्ड्यात, आत्ता इथूनच रिक्षा करून सिडकोत जायचं, असं ठरवून तो उठला.

"अहो, बसा! असं कसं?" सावळीरामने त्याला हाताला धरून बसवलं आणि आतल्या दाराकडे वळून हाक दिली. "रोशनी, चहा टाक गं. वेबसाइटवाले साहेब आलेत." मग किशोरला म्हणाला, "नवनाथची बायको."