येते रे

आत्याचा आवाज माझ्याकडे चुकूनच राहिला. मी व्हिडिओ गेमसाठी घरातले आवाज रेकॉर्ड करत होतो, तेवढ्यात ती "येते रे" म्हणाली, चपला फटफट वाजवत निघाली आणि दार लागलं. त्या दुपारी गेली ती परत आलीच नाही.

पुढे गेममधल्या घराला तोच तुकडा लावला. कामाला नातं कळत नाही. लूपमध्ये तुकडा संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजतो, आणि जोड कानाला कळता कामा नये. दार लागल्याचा आवाज नेमका जोडावर खटकत होता, म्हणून तेवढा कापून टाकला.

आज आतेबहिणीला ऐकवलं. हेडफोन लावून तिने दोन-तीन फेऱ्या ऐकल्या.

"आई जातेय ना रे यात?"

"जातेय की. 'येते' म्हणूनच निघाली होती."

"मग चपला जवळ का येतायत?"

हेडफोन मी स्वतःच्या कानाला लावला. तुकडा तोच होता, पण प्रत्येक फेरीला पावलं जवळ येत होती. मी लूप बंद केला, हेडफोन टेबलावर ठेवला.

चपला वाजतच राहिल्या.

"आले रे," आमच्या पाठीमागून आत्या म्हणाली, आणि मी कापून टाकलेला आवाज झाला. दार लागलं.