बाईंनी पेरलेली चूक

“त्या ऑनलाइन ज्ञानकोशात कुणीही उठून लिहितं, त्यावर काय विसंबता?” बाई वर्गाला नेहमी बजावत. एकदा पुरावाच द्यावा म्हणून त्यांनी स्वतः मधमाश्यांच्या पानावर लिहून ठेवलं, ‘पोळ्यातल्या कामकरी माश्या नर असतात.’

दुसऱ्या दिवशी भर वर्गात पान उघडलं, तर चूक गायब.

“नऊच मिनिटांत दुरुस्त केलीय कुणीतरी,” मागून एक मुलगी आपल्या टॅबवर तेच पान बघत म्हणाली. “पानाच्या आधीच्या बदलांची यादी बघा ना, बाई.” वर्ग खुसखुसला.

बाईंनी बघितलं. दुरुस्ती करणारे होते ‘मधवाले अण्णा’, जन्मभर मधपेट्या सांभाळलेले त्यांचेच वडील. अण्णांनी शेजारी लिहिलेला शेरा बाईंनी हसत मोठ्यानं वाचला,

“हे लिहिणाऱ्याला माझ्या लेकीच्या वर्गात नेऊन बसवा. ती फार छान शिकवते.”