झीज शून्य

झीज हा मानवजातीचा सर्वांत जुना शत्रू आहे. हे वाक्य इंजिनिअरने वडिलांच्या बंद दारासमोर उच्चारलं, आणि ते उच्चारताना त्याच्या उजव्या बुटाचा तळ अर्धा लोंबत होता.

वडील कुलपाशी झटत होते. किल्ली इतकी झिजली होती की ती जरा वर उचलून, डावीकडे दाबून, वर दोन शिव्या घातल्याशिवाय कुलूप उघडत नसे. ही कला फक्त वडिलांना साधली होती.

“नवं कुलूप आणतो आता,” ते म्हणाले.

“बाबा! लेसर क्लॅडिंगचा विभागप्रमुख घरात असताना?”

“तो घरात कुठे आहे? बाहेर उभा आहे.”

दार एकदाचं उघडल्यावर इंजिनिअरने किल्ली खिशात टाकली. लेसरच्या झोतात धातूची भुकटी वितळवायची आणि झिजलेल्या भागावर नवा, टणक थर चढवायचा, हे त्याचं आयुष्याचं काम. मोठमोठ्या पंपांचे दांडे जिथे दुरुस्तीसाठी आडवे होत, तिथे त्याने किल्ली ठेवली. मूळ मापं हिशेबाने काढली, थर चढवला, घासून गुळगुळीत केला, मापात केसभरही चूक ठेवली नाही. कानस लावली तर कानसच घसरली. तोवर वडील घराबाहेर पडले नाहीत, कारण दाराला कुलूप लावता येत नव्हतं.

वडिलांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. मुलगा श्वास रोखून उभा होता.

“छान,” वडील म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून त्याने आजवर फक्त शेजाऱ्यांच्या मुलाबद्दल ऐकला होता. त्या दिवशी तो गाडी घरापर्यंत गुणगुणत घेऊन गेला. “एका किल्लीसाठी?” बायकोने विचारलं. तो गुणगुणतच राहिला. तज्ज्ञांनी सामान्यांशी वाद घालू नये.

त्यानंतर दर भेटीत तो आत शिरताच किल्ली मागून घेई आणि भिंग लावून तपासे. वडील दार उघडून बाजूला होत आणि किल्ली हातात ठेवत. झीज शून्य. पुढच्या भेटीतही शून्य. शेवटी त्याने परिषदेत निबंध वाचला. पडद्यावर किल्ली दाराएवढी दिसत होती.

“वापर रोजचा आहे ना?” अध्यक्षांनी विचारलं.

“रोजचा. वडील शिस्तीचे आहेत.”

टाळ्या पडल्या. आणखी एकदा ‘छान’ ऐकायला मिळेल म्हणून तो तिथून थेट वडिलांकडे निघाला. वडील नुकतेच भाजीची पिशवी घेऊन जिना चढून आले होते. त्यांनी खिशातून एक पिवळीधमक पितळी किल्ली काढली आणि दार उघडलं. एका हाताने. शिवी न देता.

“बाबा, ही कसली किल्ली?”

“नव्या कुलपाची.”

“आणि माझी?”

“आत आहे. जपून ठेवलीय.” वडिलांनी पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली. “ती लागलीच नाही रे, पहिल्या दिवसापासून.”

“मग सांगितलं का नाही?”

“छान म्हणून बसलो होतो ना!”

इंजिनिअर उंबऱ्यावरच उभा राहिला. किल्लीबरोबर इतकी वर्षं कुलूपही झिजत गेलं होतं, झिजता झिजता दोघांचं जमलं होतं. त्याने फक्त एकीला तरुण करून आणलं होतं. जगातल्या साऱ्या झिजेवर बोलणाऱ्या माणसाने कुलपात एकदा डोकावूनही पाहिलं नव्हतं.

“ये आत, चहा टाकतो,” वडील म्हणाले. “आणि तुझी किल्ली काही वाया गेली नाही हं, रोज लागते.”

त्यांनी ओट्यावरची ती किल्ली उचलली आणि चहाच्या डब्याच्या घट्ट झाकणाखाली घालून झाकण उचकटलं.

इंजिनिअरने सवयीने खिशातून भिंग काढलं. किल्लीवर ओरखडाही नव्हता. डब्याची कड मात्र पार झिजली होती.