न चाखलेलं कालवण

मिठाची चिमूट बोटांत धरून दस्तगीर शेगडीपाशी अडून उभा होता. कालवण रटरटत होतं, पण रोजा चालू असताना चाखणार कसं? लॉकडाऊनमुळं त्याची रिक्षा महिनाभर दारात उभी होती, आणि त्याची बायको बिल्कीस, आशा सेविका, उन्हातान्हात घरोघरी लोकांचा ताप मोजत फिरत होती. "आजपासून स्वयंपाक माझ्याकडं," असं त्यानंच सकाळी तोऱ्यात सांगितलं होतं. शेवटी बिस्मिल्ला म्हणून त्यानं मीठ सोडलं. जरा थांबून आणखी एक चिमूट.

मगरिबची अजान झाली. मशीद बंद, म्हणून दोघांनी घरातच खजूर खाऊन रोजा सोडला. बिल्कीसनं भाकरी मोडून कालवणात बुडवली. तो तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. ती निवांत जेवत होती, दुसरी भाकरीही तिनं घेतली. तेव्हा कुठं धीर येऊन त्यानं पहिला घास घेतला.

"कसलं खारट झालंय हे! अगं, बोलली का नाहीस?"

"रोज्यात चाखता कुठं येतं हो? अंदाज चुकतो एखाद्या दिवशी."

एकवीस वर्षं दर रमजानात दस्तगीरनं तिच्या कालवणाला नावं ठेवली होती. एकदा तर भरलं ताट सरकवून उठला होता.

बिल्कीसनं तांब्यातलं थोडं पाणी त्याच्या वाटीत ओतलं. "उद्या मी करू का?"

"नको," तो म्हणाला. "उद्याही मीच करणार. तू नावं ठेवायला बस."